भूकंप, माती आणि संगणक

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यालगत सुमारे ८ तीव्रतेचा भूकंप झाला. राजधानी मेक्सिको सिटी तेथून साडेतीनशे किलोमीटर दूर होती. तरीही या शहरात हजारो माणसे प्राणास मुकली. शहराच्या खडकाळ भागात हादरे तुलनेने सौम्य होते. जुने सरोवर आटवून वसविलेल्या भागातील मऊ चिकणमाती मात्र खडकाच्या सुमारे पाचपट जोराने हलली. भूकंप एकच, शहरही एकच. फरक होता तो पायाखालच्या मातीचा. हा फरक आधीच अजमावता यावा, यासाठी अभियंते संगणकीय आज्ञावलींचा म्हणजे सॉफ्टवेअरचा आधार घेतात.

भूकंपलहरी खडकातून मऊ मातीत शिरल्या की त्यांचा वेग घटतो आणि आंदोलन वाढते. शिवाय मातीच्या थरालाही झोपाळ्याप्रमाणे स्वतःचा आवर्तनकाल असतो. थराच्या जाडीच्या चौपटीला कर्तन लहरींच्या वेगाने भागले की तो मिळतो. जाडी ४० मीटर आणि वेग सेकंदाला ८० मीटर असेल, तर आवर्तनकाल २ सेकंद येतो. मेक्सिको सिटीच्या सरोवर भागात जमीन जवळपास याच तालात हलली आणि ज्या मध्यम उंचीच्या इमारतींचा ताल तिच्याशी जुळत गेला, त्यांची सर्वाधिक हानी झाली.

प्रत्यक्षात जमिनीखाली अनेक थर असतात आणि हिशेब किचकट होतो. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात श्नाबेल, लिस्मर आणि सीड यांनी १९७२ मध्ये तयार केलेली 'शेक' ही या क्षेत्रातील सर्वांत परिचित आज्ञावली. प्रत्येक थराची जाडी, घनता, कर्तन लहरींचा वेग आणि खडकातील अपेक्षित हालचाल तिला पुरविली की पृष्ठभाग कसा हलेल, हे ती सांगते. माती जितकी अधिक हलते तितकी ती शिथिल होते. म्हणून 'शेक' आधी ताठरतेचा अंदाज धरते, उत्तर काढते, अंदाज सुधारते आणि दोन्ही जुळेपर्यंत हा हिशेब पुन्हा करते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. पाण्याने भिजलेली वाळू हादऱ्यांनी द्रवासारखी वागू लागते, तेव्हा हे गणित अपुरे पडते. अशा वेळी इलिनॉय विद्यापीठाची 'डीपसॉइल' किंवा बर्कलेची 'ओपनसीस' यांसारख्या, क्षणाक्षणाची हालचाल मोजणाऱ्या आज्ञावली वापरल्या जातात.

आपल्यालाही हा विषय परका नाही. २६ जानेवारी २००१ च्या कच्छमधील भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. सदोष बांधकामाबरोबरच साबरमतीच्या गाळाच्या जमिनीनेही त्यात हातभार लावला. मुंबईतही खाडीकाठी सागरी चिकणमाती आणि भरावाच्या जमिनीवर उंच इमारती उभ्या आहेत.

अर्थात, सॉफ्टवेअर कितीही प्रगत असले तरी मातीची माहिती त्याला माणसानेच पुरवावी लागते. भूछिद्रे घेण्यात आणि लहरींचा वेग मोजण्यात काटकसर झाली, तर पडद्यावर उमटणारा सुबक आलेख निव्वळ अंदाज ठरतो. सुरक्षिततेची सुरुवात संगणकापाशी नव्हे, तर जमिनीत घेतलेल्या त्या छिद्रापाशी होते.