बुळकांडी आणि घाटाची वाट

बेळगावहून मुंबईला जायचे तर आज रात्रीच्या बसमध्ये बसायचे आणि सकाळी दादरला उतरायचे. आपल्या खापरपणजोबांच्या काळी हे इतके सोपे नव्हते. बेळगावात आगगाडी आली ती १८८७ च्या सुमारास. तोवर मुंबईची सोयीची वाट वेंगुर्ल्यावरून जाई. बैलगाडीने आधी रामघाटातून आणि पुढे आंबोलीचा रस्ता झाल्यावर त्या घाटातून कोकणात उतरायचे आणि वेंगुर्ल्याला आगबोट धरायची. भरलेली गाडी दिवसाला फार तर वीस-पंचवीस किलोमीटर चाले. म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेरच्या या वाटेला पाच-सहा दिवस सहज लागत. पावसाळ्यात समुद्र खवळला की बंदर बंद आणि घाटही बिकट. तेव्हा लग्नकार्ये, बाळंतपणासाठी माहेरी जाणे, काशीयात्रेला निघणे, व्यापाऱ्याची उधारी-वसुली, सगळे काही दसऱ्यापासून वैशाखापर्यंतच्या सात-आठ महिन्यांत उरकावे लागे.

आम्ही इतिहास वाचतो तेव्हा या प्रवासांत घोडे, पालख्या, मेणे दिसतात. ते सरदारांचे. सामान्य माणसाचा प्रवास बैलाच्या मानेवर होता. आणि हा बैल केवळ प्रवासासाठी पाळलेला नसे. तोच आषाढात नांगराला, कार्तिकात पेरणीला आणि कामे सरली की भाड्याच्या गाडीला. एका जोडीवर शेतकऱ्याचे शेत आणि प्रवाशाचा प्रवास असे दोन्ही अवलंबून. म्हणून मुहूर्त भटजींनी काढला तरी निघण्याचा दिवस शेवटी गोठ्यात ठरे.

गोठ्यातले आजार पुष्कळ. फऱ्या, घटसर्प, काळपुळी ही नावे आमच्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ असत. लाळ्या-खुरकुताने जनावर सहसा दगावत नाही, पण तोंडात आणि खुरांत फोड येऊन बैल लंगडा होतो. गाडीवाल्याच्या दृष्टीने तो मेल्यातच जमा, निदान त्या हंगामापुरता. या सगळ्यांहून भीती होती ती बुळकांडीची. आधी ताप, मग डोळ्यांतून-नाकातून स्राव, हिरड्यांवर व्रण, मग पिचकारीसारखी हगवण आणि आठ-दहा दिवसांत शेवट. ज्या मुलखात हा रोग पूर्वी आला नव्हता तिथे दहांतली आठ-नऊ जनावरे मरत. आपल्या पठारावरच्या गुरांत थोडीफार प्रतिकारशक्ती होती, तरी गोठेच्या गोठे रिकामे होत.

बुळकांडी स्वतः प्रवासी होती, ही गोष्ट इथे महत्त्वाची. ती आजारी जनावराच्या श्वासातून, लाळेतून, शेणातून जवळच्या जनावराकडे जाई. म्हणजे तिला पुढे जाण्यासाठी रस्ताच लागे. लमाणांचे तांडे शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ घाटावर आणत, धान्य खाली नेत. एका पाणवठ्यावर दहा गावांच्या गाड्या सुटत. आठवडी बाजारात विकलेला बैल संध्याकाळी तिसऱ्याच गावात बांधला जाई. ज्या वाटांनी आपली माणसे जात त्याच वाटांनी साथ जाई, आणि मग त्याच वाटा बंद पाडी. साथीच्या दिवसांत गाडीवान आपली निरोगी जोडी भाड्याच्या दोन रुपयांसाठी घाटाच्या पाणवठ्यावर नेण्यास का कचरे, हे त्यामुळे समजते. जोडी गेली तर पुढच्या पेरणीचे काय? प्रवाशाला त्याचा नकार आडमुठेपणा वाटला असेल. आम्हाला तो शहाणपणा वाटतो. गावोगावच्या लोकांनीही आपल्या परीने वेशी सांभाळल्या. मात्र मरीआईचा गाडा शेजारच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडण्याच्या प्रथेने साथ नेमकी कुठे जात असेल, याचा विचार कुणी केला होता की नाही कोण जाणे.

सरकारला जाग यायला वेळ लागला. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने गुरांच्या साथींवर १८७१ मध्ये अहवाल दिला. पुढे १८८९ मध्ये पुण्यात गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा निघाली. डॉ. लिंगार्ड तिचे प्रमुख. पण असे जहाल रोगजंतू भर वस्तीत आणि त्या हवेत सांभाळणे कठीण, म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलवली गेली. आजच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचे मूळ पुण्यात आहे, हे पुणेकरांनाही फारसे ठाऊक नसते.

बैल नसले की प्रवासाचे काय होते, याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण मात्र आफ्रिकेत घडले, आणि त्याचा धागा बहुधा आपल्याकडूनच गेला. १८८७ च्या सुमारास इटालियन फौजेसाठी तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात गुरे उतरवली गेली, ती हिंदुस्थानातून आलेली असावीत असे अनेक अभ्यासक मानतात. त्यांच्याबरोबर बुळकांडी उतरली. तिने सारे खंड उभे चिरले. १८९६ च्या सुरुवातीस ती झांबेझी नदी ओलांडून बुलावायोला पोहोचली. तिकडच्या अवजड मालगाड्यांना सोळा-सोळा, अठरा-अठरा बैल जुंपत. मॅफेकिंग ते बुलावायो हा सुमारे आठशे किलोमीटरचा रस्ता त्यांच्यावरच चाले. काही आठवड्यांत त्या रस्त्यावर बैल जुंपल्या जागी मेले आणि गाड्या मालासकट तशाच उभ्या राहिल्या. वाहतुकीचे दर भडकले, धान्य पोहोचेना. रोग थांबवण्यासाठी गोऱ्या अधिकाऱ्यांनी निरोगी गुरेही गोळ्या घालून मारली, तेव्हा एन्देबेले लोकांचा संताप वाढला. त्याच वर्षी झालेल्या त्यांच्या उठावाच्या कारणांत हेही एक धरले जाते. आगगाडी घाईघाईने पुढे ओढली गेली आणि १८९७ मध्ये बुलावायोला पोहोचली. त्याच साथीवर किंबर्लीत काम करणारे रॉबर्ट कॉख १८९७ मध्ये मुंबईच्या प्लेगसाठी इकडे आले आणि मुक्तेश्वरलाही जाऊन आले.

पुढे मुक्तेश्वरलाच एडवर्ड्स यांनी १९२० च्या दशकात शेळ्यांच्या शरीरात वाढवून सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार केली. स्वातंत्र्यानंतर १९५४ पासून देशभर मोहीम निघाली. गावोगाव टोचणी झाली, गुरांच्या नेहमीच्या वाटांवर तपासणी नाकी बसली, राज्यांच्या हद्दींवर लस टोचलेल्या जनावरांचे पट्टे तयार केले गेले. हद्द या शब्दाची आम्हा सीमाभागातल्या लोकांना वेगळीच आठवण आहे. १९५६ च्या प्रांतरचनेने बेळगाव कोणीकडे टाकायचे ते टाकले, पण बुळकांडीला भाषा कळत नव्हती. ती जायची तर दोन्ही बाजूंनी एकदमच जायला हवी होती, आणि तशीच गेली. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ चा. २०११ मध्ये बुळकांडी जगातूनच नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर समूळ गेलेला हा दुसराच रोग. देवी गेल्याचे सर्वांना ठाऊक आहे. बुळकांडी गेल्याची बातमी आपल्यापैकी किती घरांत वाचली गेली?

मोटारी आल्यावर गुरांच्या साथीचा आणि प्रवासाचा संबंध तुटला असे वाटते. ते खरे नाही. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा बैलगाडी तिथे कुणाच्या स्वप्नातही नव्हती. तरी रानावनातल्या पायवाटा बंद झाल्या, चेल्टनहॅमच्या घोड्यांच्या शर्यती रद्द झाल्या आणि ३ मेला अपेक्षित असलेली सार्वत्रिक निवडणूक ७ जूनवर गेली. साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. गंमत अशी, की पर्यटनावर जगणाऱ्यांचे नुकसान शेतकऱ्यांहून कमी नव्हते.

आणि २०२२ तर कालचेच. लम्पीची साथ आली, तेव्हा महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जनावरांचे बाजार, शर्यती आणि वाहतूक यांवर निर्बंध आले. बैल विकून मुलीच्या लग्नाची तजवीज करणाऱ्याचा, दुभती म्हैस आणायला शेजारच्या तालुक्यात निघालेल्याचा बेत जागच्या जागी थांबला. त्या दिवाळीच्या सुट्टीत कोकणात उतरणाऱ्या आपल्या मोटारी मात्र आंबोलीच्या त्याच घाटातून नेहमीसारख्या गेल्या.