मुलींपुढचे आदर्श आणि बायकांनी लिहिलेली आत्मचरित्रे

एकोणिसाव्या शतकात मराठी मुलगी अक्षरे गिरवू लागली तेव्हा तिच्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या थोर स्त्रिया बहुतेक पुराणांतल्या होत्या. सीता, सावित्री, अनसूया, दमयंती यांच्या कथा कीर्तनांतून आणि व्रतांच्या कहाण्यांतून तिच्या कानी पडत. या कथांमध्ये स्त्रीची कसोटी पातिव्रत्याची असे आणि ती त्या कसोटीला उतरतेच, हे आधीच ठरलेले असे. 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकात नेमके इथेच बोट ठेवले. जे नियम बाईला, ते पुरुषाला का नाहीत, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. त्यांच्यावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली.

याच सुमारास पुराणाबाहेरचा, चालताबोलता आदर्श मिळाला तो आनंदीबाई जोशी यांच्या रूपाने. त्यांचा जन्म 1865 चा, लग्न नवव्या वर्षी. चौदाव्या वर्षी झालेले मूल थोड्याच दिवसांत दगावले. 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही मिळाली, पण क्षयाने ग्रासल्यामुळे कामावर रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी 1887 मध्ये, पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पाठ्यपुस्तकांतल्या धड्यात बहुधा पदवी असते आणि पत्नीला शिकवणारा उदार नवरा असतो. काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेले आनंदीबाईंचे चरित्र त्या मानाने बरेच धीट आहे. त्यातून कळते की शिकवण्याच्या हट्टापायी आनंदीबाईंचे पती गोपाळराव लहानग्या बायकोला मारझोडही करत. काशीबाई स्वतः लग्नानंतर घरातल्यांचा विरोध सोसत शिकलेल्या होत्या, त्यामुळे शिक्षणाची किंमत कोण चुकवते हे त्यांना चांगले ठाऊक होते. हा भाग गाळला की उरते ते अचाट यश, आणि अचाट यश पाहून साध्या घरातली मुलगी हात जोडते, अनुकरण करत नाही.

बायका स्वतःबद्दल लिहू लागल्यावर चित्र पालटले. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ 1910 मध्ये निघाले. पुस्तकाचे नायक त्यांचे पती न्यायमूर्ती रानडेच आहेत आणि सूर भक्तीचा आहे. तरीही अकराव्या वर्षी सासरी आलेल्या मुलीला शिकते म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी कसे टोचून बोलावे आणि तिने ते मुकाट्याने कसे गिळावे, याचे त्यातले तपशील त्या भक्तीच्या आड लपत नाहीत.

पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ 1928 ची. लहान वयात विधवा झालेल्या पार्वतीबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्या विधवांसाठीच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली. पुढे इंग्रजी शिकायला आणि निधी जमवायला त्या अमेरिकेला गेल्या, तेव्हा तिथे पोटासाठी त्यांनी लोकांच्या घरी कामे केली. त्यांची बहीण आनंदीबाई कर्वे, म्हणजे ‘बाया’, पंडिता रमाबाईंच्या शारदासदन या शाळेतल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. 1893 मध्ये त्यांनी कर्व्यांशी पुनर्विवाह केला. समाजसुधारकाचा संसार पैशाच्या ओढाताणीत कसा रेटावा लागतो, हे त्यांच्या ‘माझे पुराण’मध्ये दिसते. थोर माणसाच्या घरात रोजची भाजी कोण आणते, हा प्रश्न चरित्रकारांना क्वचितच पडतो.

या सगळ्यांत सर्वात मोकळे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागांनी प्रसिद्ध झाले. त्यांना नीट शाळा मिळाली नव्हती. नवरा कवी, लहरी, हातातला पैसा वाटून टाकणारा. 1895 मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले. लक्ष्मीबाई आपला संताप, अज्ञान, भांडणे आणि फजिती हसत हसत सांगतात. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना त्यांच्या मनातून एका रात्रीत गेल्या नाहीत, त्या अडखळत सुटल्या, हेही त्या लपवत नाहीत. चौदा-पंधरा वर्षांच्या वाचक मुलीला याचा उपयोग कुठल्याही गौरवग्रंथापेक्षा अधिक, कारण मत बदलताना माणूस कसा घोटाळतो ते इथे टप्प्याटप्प्याने दिसते.

ही पुस्तके मुख्यतः ब्राह्मण घरांतली, किंवा त्या घरांतून बाहेर पडलेल्या बायकांची होती. फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने 1855 मध्येच ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकातल्या निबंधात मांग-महारांचे दुःख मांडले होते; बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्परही नसलेल्या बायका त्यात आहेत. तो धागा पुन्हा हाती लागायला शंभराहून अधिक वर्षे गेली. दलित लेखिका बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ हे आत्मचरित्र नवऱ्यापासून लपवून लिहिले आणि ते हस्तलिखित कितीतरी वर्षे तसेच दडवून ठेवले. त्यात जातीचा जाच आहे, तसाच स्वतःच्या समाजातल्या सासूने सुनेचा केलेला छळही आहे. शांताबाई कांबळे या शिक्षिकेचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ 1986 मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यावर पुढे ‘नाजुका’ ही दूरदर्शन मालिका निघाली आणि शाळेसाठी धडपडणाऱ्या मुलीची ही गोष्ट पुस्तके न पोहोचलेल्या घरांतही गेली.