हलका माल, घातक माल

किराणा दुकानात दोन प्रकारच्या तक्रारी ऐकू येतात. तांदळात खडे निघाले, डाळ शिजत नाही, चहाला रंग नाही, ही एक तऱ्हा. खाल्लं आणि बाधलं, ही दुसरी. बोलताना आपण दोन्हींना एकच शब्द लावतो, भेसळ. माझी अम्मी मात्र हिशेब वेगळे ठेवायची. किडे झालेले तांदूळ ती पाखडून, निवडून, धुऊन शिजवायची. बुरशी धरलेले शेंगदाणे मात्र कोंबड्यांनाही घालू द्यायची नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले आणि त्या शोधातून शास्त्रज्ञांना अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं, हे मी पुढे वाचलं. अम्मीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

बाजारावर नजर ठेवण्याची रीत जुनीच. उर्दू-फारसी शायरीत ‘मुहतसिब’ म्हणजे दारूचे प्याले फोडणारा खलनायक. प्रत्यक्षात त्या बिचाऱ्याचं बरंचसं काम वजनं-मापं आणि माल तपासण्याचं होतं. आम्ही कवींनी त्याच्यावर थोडा अन्यायच केला. असो. पण हलका माल कोणता आणि घातक कोणता, हा फरक कायद्याच्या भाषेत यायला एका इंग्रजी शहरातली माणसं मरावी लागली.

ते शहर ब्रॅडफर्ड, साल १८५८. साखर तेव्हा महाग होती. मिठाईवाले तिच्यात जिप्सम किंवा तसलीच एखादी स्वस्त पांढरी पूड मिसळत. या पुडीला कारागिरांच्या बोलीत ‘डाफ’ म्हणत. ही लबाडी होतीच, पण तिनं सहसा कुणी मरत नसे. जोसेफ नील या मिठाईवाल्यानं पूड आणायला माणूस पाठवला. औषधविक्रेता आजारी होता. त्याच्या नवशिक्या मदतनिसानं कोपऱ्यातल्या पिंपातून बारा पौंड पूड मोजून दिली. ती निघाली सोमल, म्हणजे आर्सेनिक. तिच्यापासून पेपरमिंटच्या चाळीस पौंड गोळ्या तयार झाल्या.

माझ्या मते या कहाणीतली सर्वांत बोलकी गोष्ट पुढे आहे. गोळ्या नेहमीसारख्या दिसत नव्हत्या. ते कारागिराच्या लक्षात आलं आणि विल्यम हार्डेकर या बाजारात ठेला लावणाऱ्या विक्रेत्याच्याही. त्यानं काय केलं? भाव पाडून मागितला. नीलनं तो दिला. दोघांनीही ‘माल जरा हलका उतरला’ एवढंच मनात धरलं आणि व्यवहार पुरा झाला. शनिवारी रात्री, ३० ऑक्टोबरला, ठेल्यावर गोळ्या विकल्या गेल्या. सुमारे वीस माणसं मेली, दोनशेहून अधिक आजारी पडली. सुरुवातीला लोकांना वाटलं, पटकी आली. खटला झाला, पण शिक्षा कुणालाच झाली नाही.

तसं पाहिलं तर इशारा आधीच मिळाला होता. फ्रेडरिक अ‍ॅकम या रसायनशास्त्रज्ञानं १८२० साली लंडनमध्ये पुस्तक काढलं. त्याच्या नावातच अन्नातली भेसळ आणि स्वयंपाकघरातली विषं, असे दोन वेगळे शब्द होते. पुढे १८५१ पासून डॉ. आर्थर हॅसल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली लंडनचा बाजार तपासला आणि ‘लॅन्सेट’नं भेसळ करणाऱ्यांची नावं पत्त्यांसह छापली. तरी पहिला कायदा आला तो ब्रॅडफर्डनंतर, १८६० मध्ये, आणि तोही दुबळाच. खरा कायदा १८७५ चा. त्यात दोन कलमं निरनिराळी केली होती. आरोग्याला अपाय करणारा माल हा एक गुन्हा. गिऱ्हाइकानं मागितला त्या दर्जाचा माल न देणं, हा दुसरा. पहिल्याला दंड जास्त, आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर सक्तमजुरी. दुसऱ्याला नुसता दंड.

आपल्याकडे १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला, त्यात हे दोन्ही एकाच व्याख्येत बसवले. घातक पदार्थ तर ‘भेसळयुक्त’ होताच, पण ठरलेल्या मानकापेक्षा उणा असलेला, कुणालाही न बाधणारा पदार्थही ‘भेसळयुक्त’च ठरला. घातक मालाला शिक्षा अधिक होती, हे खरं. पण १९७६ च्या दुरुस्तीनंतर काही सवलती वगळता उण्या मालालाही किमान सहा महिने कैद होती. आमच्या मोहल्ल्यातल्या एका दूधवाल्याच्या दुधात स्निग्धांश थोडा कमी भरला. खटला वर्षानुवर्षं चालला. तारखांना जाण्यासाठी त्यानं एक म्हैस विकली, मग दुसरी. त्याचं दूध पिऊन कुणाचं पोटही दुखलं नव्हतं. त्याला सोडून द्यायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. पण ‘विषप्रयोग करणारा’ म्हणून लोक त्याच्याकडे बघत, ते मला सहन होत नसे.

खरं विष दिसतं कसं, हे १९९८ मध्ये दिल्लीनं पाहिलं. पिवळा धोत्रा आपल्याही पडीक रानात, रस्त्याकडेला उगवतो. काटेरी पानं, पिवळी फुलं. त्याचं बी मोहरीसारखंच बारीक आणि काळपट. त्याचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं तर ना नाकाला कळतं ना जिभेला. पाय सुजतात, धाप लागते, शेवटी हृदय थकतं. त्या साली साठहून अधिक माणसं गेली, आजारी पडले ते हजारोंनी. मोहरीच्या तेलात स्वस्त पामतेल मिसळलं असतं, तर गिऱ्हाईक फक्त फसलं असतं. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या, तर नुसत्या डोळ्यांनी निवड करणं अवघड.

याच्या उलटही घडतं. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसानं मका भिजला, त्यावर बुरशी चढली. ती लोकांना दिसत होती. पण घरात दुसरं धान्य नव्हतं. थोडा खराब आहे, एवढंच म्हणून आदिवासी कुटुंबांनी तो खाल्ला. कावीळ झाली, पोटं फुगली, शंभराहून अधिक माणसं दगावली. मका शिजवून ते विष जात नाही.

२००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आणि जुना कायदा गेला. आता ‘असुरक्षित’ वेगळं, ‘कमी दर्जाचं’ वेगळं आणि लेबलाची लबाडी, ‘मिथ्याछाप’, तीही वेगळी. कमी दर्जाला पाच लाखांपर्यंत दंड होतो. असुरक्षित अन्नानं मृत्यू ओढवला, तर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा.

तरी सीमारेषा नेहमीच सरळ नसते. दुधातलं पाणीच घ्या. दर्जाच्या हिशेबात ते स्निग्धांश किती टक्क्यांनी घटला, एवढंच. पण ते पाणी उकळलेलं होतं, विहिरीचं होतं की गटाराशेजारच्या फुटक्या नळाचं, हा प्रश्न दुधाच्या टक्केवारीत येत नाही. तो ते दूध न तापवता पिणाऱ्या पोराच्या पोटात जातो.