चेहरा, कवटी आणि हजेरीपट

काही वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला कथेतील पात्रचित्रण शिकवीत होतो. एखाद्या खलपात्राचे चार ओळींत वर्णन करा, असे मी वर्गाला सांगितले. वर्णने आली ती बहुतेक एकाच साच्यातली होती. तांबारलेले डोळे, गालावर व्रण, राकट अंग, मळके कपडे. त्यातले एक वर्णन वाचून दाखवताना मी सहज म्हणून गेलो, ''हा तर पाहताक्षणीच भामटा वाटतो.'' वर्ग हसला. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी थांबला आणि शांतपणे म्हणाला, ''सर, तो शब्द माझ्या जातीच्या दाखल्यावर आहे.'' त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एखादी माहिती द्यावी तसे त्याने सांगितले. मला उत्तर सुचले नाही.

'दिसण्यावरून माणूस ओळखू नये' हे वाक्य आपण सारेच शिकवतो. चोखोबांच्या उसाच्या अभंगावर भावार्थाचा प्रश्न येतो आणि विद्यार्थी त्याचे उत्तर चोख लिहितात. परंतु या उपदेशाखाली एक इतिहास गाडला गेला आहे. दिसण्यावरून केलेला निवाडा हा केवळ व्यक्तीचा उतावीळपणा नसतो. त्याचे कधी शास्त्र बनते, कधी कायदा बनतो आणि शेवटी तो भाषेत मुरतो. या तिन्ही अवस्था आपल्या मुलखात घडून गेल्या आहेत.

सुरुवात साहित्यापासूनच करू. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाच्या नवव्या अंकात चारुदत्तावर वसंतसेनेच्या हत्येचा आळ येतो. न्यायाधीश त्याच्याकडे पाहतो आणि त्याच्या मनात येते की, असे उंच नाक आणि असे विशाल डोळे असलेला पुरुष निष्कारण दुष्कृत्य करणार नाही. हत्ती, गाई, घोडे आणि माणसे यांचे रूप त्यांच्या वर्तनाशी विसंगत नसते, असे त्याचे प्रतिपादन आहे. चारुदत्त निर्दोष आहे, त्यामुळे प्रेक्षकाला हा न्यायाधीश पटतो. पण याच नाटकाच्या तिसऱ्या अंकात शर्विलक आहे. तो जन्माने ब्राह्मण आहे, चौर्यशास्त्रात पारंगत आहे, आणि भिंतीला भोक पाडताना माप घेण्यासाठी तो चक्क आपले यज्ञोपवीत वापरतो. कुलीनपणाची सर्वांत ठळक बाह्य खूण शूद्रकाने चोराच्या हाती मोजपट्टी म्हणून दिली. न्यायाधीशाच्या सिद्धांताला नाटककाराने सहा अंक आधीच सुरुंग लावून ठेवला होता. आपण मात्र न्यायाधीशाचे वचन लक्षात ठेवले आणि शर्विलकाकडे विनोद म्हणून पाहिले.

एकोणिसाव्या शतकात या सिद्धांताला प्रयोगशाळा मिळाली. 1830 च्या दशकात स्लीमनच्या नेतृत्वाखाली ठगांविरुद्धची मोहीम जोरात होती. सागर येथे फाशी दिलेल्या ठगांपैकी सात जणांची मस्तके हेन्री स्प्राय नावाच्या डॉक्टरने एडिंबरोला पाठवली. कवटीच्या उंचसखलपणावरून स्वभाव सांगणाऱ्या मस्तिष्कसामुद्रिकाचे तेथे मोठे प्रस्थ होते. इतक्या खुनांचे कर्ते म्हटल्यावर संहारवृत्तीचा उंचवटा डोंगराएवढा असणार, अशी कोणाचीही अपेक्षा असावी. तो तसा ठळक आढळला नाही. एवढ्यावर ते शास्त्र मोडीत निघायला हवे होते. प्रत्यक्षात अभ्यासकांनी स्पष्टीकरण बदलले आणि शास्त्र शाबूत ठेवले. पूर्वग्रहाचे हेच लक्षण असते. पुरावा विरुद्ध गेला, तर तो पुराव्यालाच समजावून सांगतो.

ठगांविषयीच्या इंग्रजी नोंदींत अतिशयोक्ती किती आणि वस्तुस्थिती किती, याबद्दल आजचे इतिहासकार सावध असतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या नोंदींतली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ठग भयंकर दिसत नसे. तो सभ्य वाटसरू, व्यापारी किंवा शिपाई दिसे. तसे दिसणे हेच त्याचे खरे हत्यार होते आणि रुमालाचे काम त्यानंतरचे. निजामाच्या चाकरीत आयुष्य घालवलेल्या आणि पुढे नळदुर्ग भागाचा कारभार पाहिलेल्या मेडोज टेलरने 1839 साली ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली. तिचा नायक अमीर अली सातशेहून अधिक खुनांचा हिशेब सांगतो. टेलरने त्याला रंगवले आहे ते मात्र देखणा, अदबशीर आणि मधुर बोलणारा पुरुष म्हणून. त्या काळच्या इंग्रज वाचकाला खरी भीती वाटली ती या सभ्य चेहऱ्याची.

येथे राज्यकर्त्यांपुढे पेच उभा राहिला. चेहरा फसवतो हे तर दिसून आले. मग गुन्हेगार ओळखायचा कसा? 'चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, तर कृत्यावरून ओळखू' असे सरळ उत्तर देता आले असते. निवडला गेला तो दुसरा मार्ग. चेहऱ्याच्या जागी जन्म आला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यामागचा युक्तिवाद असा होता की, या देशात विणकराचा मुलगा विणकर आणि सुताराचा मुलगा सुतार होतो, त्या अर्थी पिढीजात गुन्हेगारही असणारच. प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा 1911 मध्ये देशभर विस्तारला. नाव नोंदवणे, बोटांचे ठसे देणे, पोलिसांपुढे हजेरी लावणे, परवान्यावाचून गाव न सोडणे हे सारे एखाद्याने काही केले म्हणून नव्हते, तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून होते. सोलापूरला अशा लोकांची मोठी वसाहत तारेच्या कुंपणात वसवली गेली.

इकडे हे चालू असताना युरोपातील 'शास्त्र' कोठे पोहोचले होते? लोम्ब्रोसो या इटालियन वैद्याने 1876 साली जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धांत मांडला. पुढे आलेला जबडा, मागे गेलेले कपाळ, लांब हात या त्याच्या खुणा. चार्ल्स गोरिंग या इंग्रज तुरुंग-डॉक्टरने सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेऊन त्यांची इतर लोकांशी तुलना केली आणि लोम्ब्रोसोने सांगितलेला शारीरिक नमुना अस्तित्वात नाही, असा निष्कर्ष 1913 मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे जन्मजात गुन्हेगारीचा कायदा हिंदुस्थानभर पसरून दोन वर्षे होतात न होतात, तोच जन्मजात गुन्हेगाराच्या शारीरिक खुणा खुद्द इंग्लंडमध्ये खोट्या ठरत होत्या. कायद्याला त्याचा काही धक्का पोहोचला नाही. तो रद्द व्हायला 31 ऑगस्ट 1952 उजाडावे लागले.

महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावे आहेत. त्यांत रामोशी आहेत, ज्यांच्यावर गावाच्या आणि गडाच्या रखवालीचा भरवसा पिढ्यान् पिढ्या टाकला गेला. त्यांत पारधी, कैकाडी, वडार, बेरड आहेत आणि भामटाही आहेत. कायदा गेला, पण पहिल्या संशयाचा मान अजूनही त्यांच्याकडेच असतो. फेब्रुवारी 1998 मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर हा तरुण कोठडीत मरण पावला. त्या घटनेनंतर महाश्वेतादेवी आणि गणेश देवी यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवर चळवळ उभारली.

याच्या उलट बाजूचे उदाहरण पुणेकरांना सांगावे लागत नाही. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात पुण्यात दहा खून झाले. वृद्ध संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर आणि त्यांचे कुटुंबीय हे त्या हत्यासत्राचे बळी. संध्याकाळ झाली की शहर दारे लावून घेत असे. मारेकरी सापडले तेव्हा ते कलामहाविद्यालयातील विद्यार्थी निघाले, आपल्यातुपल्यासारख्या घरांतले. चौघांना 1983 मध्ये फाशी झाली. मात्र त्यानंतर कोणत्याही महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांची रोजची हजेरी पोलीस ठाण्यात लावावी, असे कोणालाही सुचले नाही. सुचू नये हेही खरेच. चार जणांच्या कृत्याचा बोजा चार जणांवरच राहिला. हा साधा न्याय पारध्याच्या किंवा भामट्याच्या वाट्याला मात्र ऐंशी वर्षे आला नाही. मला वाटते, प्रश्न केवळ चेहरा फसवतो की नाही, एवढाच नाही. काही चेहऱ्यांमागे आपण व्यक्ती पाहतो आणि काहींमागे टोळी पाहतो, ही त्यातली खरी गोम आहे.

मराठी साहित्याने याचा जाब विचारला आहे. अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'त (1959) हजेरीचा जाच आहे. लक्ष्मण मानेंचे 'उपरा' (1980) आणि लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (1987) ही आत्मकथने साहित्य अकादमीने गौरवली. गायकवाडांनी तर शिवी म्हणून वापरला जाणारा शब्दच पुस्तकाच्या कपाळावर लिहिला. आपण ही पुस्तके अभ्यासक्रमाला लावतो, त्यांवर चर्चासत्रे घेतो आणि वर्गाबाहेर पडल्यावर 'काय भामटा माणूस आहे' असे सहज बोलून जातो. सामुद्रिक गेले, कायदा गेला, परंतु हजेरीपट आपल्या तोंडी शिल्लक आहे.

त्या विद्यार्थ्याला त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. पुढच्या तासाला मात्र मी वर्गापुढे माझी चूक सांगितली आणि तो शब्द कोठून आला ते सांगितले. कोणाचे नाव घेतले नाही. खलपात्राचे वर्णन पुन्हा लिहायला सांगितले, फक्त या वेळी अट घातली की त्याने काय केले तेवढेच लिहायचे, तो कसा दिसतो ते नाही. वर्ग बराच वेळ पेनाची टोपणे चावत बसला. मागच्या बाकावर मात्र लिहिणे लगेच सुरू झाले होते.