निर्माता: एका शब्दाचे दोन वंश

दूरदर्शनचे जुने कार्यक्रम ज्यांनी पाहिले, त्यांना शेवटी येणारी ती पाटी आठवत असेल. 'निर्मिती' आणि खाली एक नाव. विनायक चासकर, सुहासिनी मुळगावकर, विजया जोगळेकर-धुमाळे. या मंडळींनी कार्यक्रमात पैसे घातलेत असे घरात कुणालाच वाटत नसे. 'गजरा' चासकरांचा, 'प्रतिभा आणि प्रतिमा' मुळगावकरांचे, असे आपण सहज म्हणायचो. सिनेमाच्या पडद्यावर 'निर्माता' हाच शब्द आला, की मात्र डोळ्यांपुढे थैली उभी राहायची. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कुठून आले, हे शोधू लागले की गंमत म्हणजे दोन्ही वाटा एकाच माणसाच्या दारातून निघालेल्या दिसतात.

तो माणूस म्हणजे दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्यासाठी विम्याची पॉलिसी त्यांनीच गहाण टाकली, पटकथा त्यांनीच रचली, दिग्दर्शनही त्यांचेच. पैसा आणि लेखणी एका हातात होती. पुढे हिंदुस्थान फिल्म कंपनीत भांडवलदार भागीदार आले आणि तो हात दुभंगला. मतभेद विकोपाला गेले, तेव्हा फाळके काशीला निघून गेले आणि तिथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. या घटनेकडे मी नेहमी आदराने पाहतो. भागीदारांशी बिनसले, तरी या माणसाची लेखणी थांबली नाही.

त्यानंतर सिनेमात थैली एकीकडे आणि लेखणी दुसरीकडे, हीच रीत रुळली. अपवाद झाले, पण ते अपवादच.

फाळक्यांच्या लेखणीचा दुसरा वंश रुजला तो रेडिओवर. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 ते 1962 या काळात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. आधीपासूनची हार्मोनियमवरची बंदी चालू ठेवणे आणि सिनेसंगीताची हकालपट्टी यांमुळे त्यांच्यावर भरपूर टीका झाली आणि ती रास्तही होती. पण त्यांच्याच काळात साहित्यिक आणि कलावंत आकाशवाणीत 'प्रोड्यूसर' म्हणून आले. पु. ल. देशपांडे आले, पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर आले. पगार सरकारचा, तिकीटबारीची चिंता नाही आणि माणूस मुळात लिहिणारा. 'निर्माता' या शब्दातून पैसा गळून पडला तो इथे. 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत प्रायोगिक टेलिव्हिजन सुरू झाले, तेव्हा हाच निर्माता रेडिओच्या खोलीतून कॅमेऱ्यापुढे आला. सुरुवातीच्या त्या मोजक्या लोकांत पु. ल. होते. 'गुळाचा गणपती' या चित्रपटात एकहाती सगळे करून दाखवणाऱ्या माणसाला ही नोकरी नवी वाटली नसावी.

या वंशाचे खरे वैभव मला दिसते ते सई परांजपे यांच्यात. आठव्या वर्षी 'मुलांचा मेवा' हे पुस्तक, मग पुणे आकाशवाणीवर निवेदन आणि मुलांचे कार्यक्रम, पुढे राष्ट्रीय नाट्यविद्यालयात नाट्यदिग्दर्शक अल्काझींच्या हाताखाली शिक्षण आणि त्यानंतर दिल्ली दूरदर्शनवर निर्मातीची नोकरी. तिथे त्या लिहीत, नट निवडत, दिग्दर्शन करत. 1972 सालच्या 'द लिटल टी शॉप' या त्यांच्या टेलिफिल्मला तेहरानमध्ये एशियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा पुरस्कार मिळाला.

पण पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. ज्या चित्रपटांनी त्यांचे नाव घराघरांत नेले, त्यांतले दोन आधी छोट्या पडद्यावर जन्मले होते. 'रैना बीती जाए' ही टेलिफिल्म म्हणजे 'स्पर्श'चे पहिले रूप, तर 'धुआँ धुआँ'तून 'चश्मेबद्दूर' आला. लेखकाला एखादी गोष्ट एकदा करून पाहायला, ती कुठे सैल पडते हे डोळ्यांनी बघायला आणि मग पुन्हा लिहायला मिळाली, तर काय होते हे इथे कळते. 'स्पर्श'मधला अनिरुद्ध अंध आहे, पण दया स्वीकारत नाही आणि हा ताठा त्याच्या प्रेमालाही सोडत नाही. इतके अवघड पात्र पहिल्या खर्ड्यात क्वचितच सापडते. या चित्रपटाच्या पटकथेसाठी सईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि नसीरुद्दीन शाह सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले.

मोठ्या पडद्यावर आल्यावर थैली पुन्हा दुसऱ्याकडे गेली. 'स्पर्श'चे निर्माते बासू भट्टाचार्य, 'चश्मेबद्दूर'चे गुल आनंद, 'कथा'चे सुरेश जिंदल. 'कथा' 1983 चा; त्यामागे शं. गो. साठे यांचे 'ससा आणि कासव' हे मराठी नाटक. मुंबईची चाळ त्यात इतकी नेमकी उतरली आहे, की हिंदी संवाद ऐकतानाही कानाला मराठीच जाणवते.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि हीच परंपरा मराठीत आली. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ विजया जोगळेकर-धुमाळे यांनी पडद्यावर आणले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चेहरे त्या पात्रांना कायमचे चिकटले.

1976 च्या जानेवारीत दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. 1984 मध्ये 'हम लोग' ही मालिका आली आणि प्रायोजित मालिकांचे दिवस सुरू झाले. बाहेरचे निर्माते आले, त्यांच्यामागून प्रायोजक आले. सईंनीही त्या नव्या व्यवस्थेत 'अडोस पडोस' आणि 'छोटे बडे' केल्या. पण पाटीवरच्या 'निर्माता' शब्दात थैली परत आली होती. आज रोजच्या मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात. त्यांत वाईट लिहिणारे थोडे आहेत, पण कुणाच्याही वाट्याला दुसरा खर्डा येत नाही.

5 एप्रिल 2013 रोजी 'चश्मेबद्दूर'ची नवी आवृत्ती चित्रपटगृहांत लागली. त्याच दिवशी 1981 चा मूळ चित्रपट स्वच्छ केलेल्या प्रतीतून पुन्हा प्रदर्शित झाला. सरकारी नोकरीत असताना एका निर्मातीने लिहिलेली गोष्ट लोक पुन्हा तिकीट काढून पाहत होते.