एकट्याचे उड्डाण

चार्ल्स लिंडबर्ग यांनी २०-२१ मे १९२७ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत साडेतेहतीस तास एकट्याने विमान नेले. या पराक्रमावर बिली वाइल्डर यांनी १९५७ साली ‘द स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ हा चित्रपट काढला. लिंडबर्गची भूमिका जेम्स स्ट्युअर्ट यांची. चित्रपटगृहांत त्याला यश लाभले नाही. पुढे चित्रफिती व तबकड्या निघाल्या आणि नंदुरबारसारख्या ठिकाणीही तो घरी पाहणे शक्य झाले. त्यात एका धर्मगुरूंनी दिलेले संत ख्रिस्तोफरचे पदक लिंडबर्गच्या सोबतीला असते.

हे पाहताना आम्हांस १९३० सालची हकिकत आठवते. इंग्लंड व भारत यांमधील अंतर एकट्याने उडत पार करणाऱ्या भारतीयासाठी आगाखान यांनी पारितोषिक लावले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, तर सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान स्पार्क प्लगअभावी अडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. पारितोषिक अस्पींना मिळाले. १९६० मध्ये ते भारताचे हवाईदल प्रमुख झाले. जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल जुहूला आणले. एअर इंडियाचा उगम तेथेच आहे.

एकट्याच्या उड्डाणालाही दुसऱ्याचा हात लागतो. मुलांना चित्रपट अवश्य दाखवावा. अबुकीरची गोष्ट मात्र आपणच सांगावी.