मानाची दुसरी खुर्ची

पुरुषाच्या अधिकारपदाचा थोडा वाटा त्याच्या घरातल्या स्त्रीला देण्याची आपल्या भाषेची जुनी रीत आहे. पाटलांची पाटलीणबाई, वकिलांची वकिलीणबाई, मामलेदारांची मामलेदारीणबाई. या स्त्रियांनी ना सनद मिळवलेली असे, ना परीक्षा दिलेली. तरी हळदीकुंकवात पहिले कुंकू कोणाला आणि पंगतीत पहिले पान कोणाचे, याचा निकाल त्या एका नावाने लागे. शहराच्या महापौरांच्या पत्नीला मात्र भाषेने असे नाव दिले नाही. मुळात ‘महापौर’ हा शब्दच अलीकडचा. ‘मेयर’साठी तो सावरकरांनी घडवला. ‘महापौरीण’ असे त्याचे रूप कोणाच्या तोंडी बसले नाही. नाव नव्हते, परंतु स्थान होते. सोलापूर नगरी डोळ्यांपुढे ठेवून त्या स्थानाचा थोडा मागोवा घ्यावा, असे आम्हांस वाटले.

सोलापुरात नगरपालिका आली ती १८५२ मध्ये, आणि १ मे १९६४ रोजी तिची महानगरपालिका झाली. वारद घराण्याची ‘इंद्रभुवन’ ही देखणी वास्तू पुढे तिचे कार्यालय बनली. महानगरपालिकांचा जो १९४९ चा कायदा, त्यात महापौर आहे, उपमहापौर आहे, आयुक्त आहे. महापौरांच्या पत्नीचा उल्लेख कोठेही नाही. ज्या इंग्लंडातून ही संस्था आपल्याकडे आली, तेथे मात्र या पत्नीला ‘मेयरेस’ असे मानाचे संबोधन असे. महापौर अविवाहित वा विधुर असल्यास त्याची कन्या किंवा भगिनी ते स्थान घेई. म्हणजे शहराच्या समारंभांना एक यजमानीण हवीच, ही तेथील समजूत. आपण ती संस्था उचलली, पद उचलले. मुंबईत १९३१ मध्ये महापालिकेच्या अध्यक्षाला ‘मेयर’ ही पदवीही मिळाली. यजमानीण मात्र आपण आपल्या घरच्या रिवाजातून घेतली.

तो रिवाज आपण सर्वांनी पाहिलेला आहे. महापौरांना फेटा, शाल, श्रीफळ. शेजारच्या खुर्चीवरील वहिनींना साडी-चोळी आणि खणानारळाची ओटी. सोलापुरात त्यात चादरीची किंवा टॉवेलची भर पडते, कारण हे विणकरांचे शहर आहे. शाळेतील बक्षीस समारंभ, महिला मंडळाचे उद्घाटन, रुग्णालयातील फळवाटप, अशी कामे ‘सौ.’च्या हस्ते व्हावीत असा संकेत होता. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. त्याच दिवसांत संक्रांतीची हळदीकुंकवे सुरू होतात आणि तेथे या स्त्रीचे येणे हीच त्या घराची शोभा ठरे.

या मानाला कोणी हसू नये. हळदीकुंकवाच्या ओसरीवर ज्या गोष्टी बायका बोलतात, त्या सभागृहाच्या पटलावर येत नाहीत. दुसऱ्या एका शहरात सेवेस असताना एका वयोवृद्ध बाईंशी आमचा परिचय झाला. त्यांचे यजमान पूर्वी त्या शहराच्या प्रमुखपदी होते. त्या एका वर्षात शेकडो हार-गुच्छ आपण स्वीकारले, पण नळाला पाणी किती वाजता येते हे एकाही व्यासपीठावर कोणी विचारले नाही. ते बायकांनी विचारले ते नेहमी जिन्याखाली, चपला घालताना, असे त्यांनी आम्हांला सांगितले. ऐकलेले त्या घरी जाऊन सांगत. कधी त्याचे काही होई, बहुधा होत नसे.

आणि या मानाला एक बोचरी कडाही होती. तो कुंकवाशी बांधलेला होता. ओटी भरायची ती सुवासिनीचीच. जी स्त्री कालपर्यंत मंडपात पहिली, ती वैधव्य येताच ओसरीच्याही बाहेर! पूर्वी महापौरांची मुदत एका वर्षाची असे, पुढे ती अडीच वर्षांची झाली. परंतु स्त्रीचा मान पतीच्या मुदतीपुरता आणि पतीच्या आयुष्यापुरता, यात काही पालट झाला नाही.

सोलापूरने नगरसेवेचे दुसरे रूपही पाहिले आहे. ६ एप्रिल १९३० रोजी येथील नगरपालिकेवर तिरंगा चढला आणि मे महिन्यात शहरावर लष्करी कायदा आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. ही चार नावे शहराला पाठ आहेत, आणि असावीतच. पण त्या दिवसांत ज्या स्त्रियांनी दारे लावून, दिवे मालवून घरे सांभाळली, त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? त्यांच्यासाठी खुर्ची मांडली गेली नव्हती, पहिली नाही आणि दुसरीही नाही.

खुर्च्यांची अदलाबदल होण्यास वेळ लागला. इंग्लंडात १९०८ मध्ये एलिझाबेथ गॅरेट अँडरसन ऑल्डबरो गावाच्या महापौर झाल्या. त्या देशातील त्या पहिल्या स्त्री-महापौर. त्यांचे दिवंगत पती पूर्वी तेच पद भूषवून गेले होते. मुंबईत सुलोचना मोदी १९५६ मध्ये महापौर झाल्या. त्यानंतरच्या स्त्री-महापौर निर्मला सामंत-प्रभावळकर यायला १९९४ साल उजाडावे लागले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या, आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने ते प्रमाण निम्म्यावर नेले. सोलापुरात तर २०१२ ते २०२२ या काळात अलका राठोड, सुशीला आबुटे, शोभा बनशेट्टी आणि श्रीकांचना यन्नम अशा चार स्त्रिया लागोपाठ महापौर झाल्या.

येथे आम्ही वाचकांना थोडे थांबण्याची विनंती करतो. स्त्री पहिल्या खुर्चीवर आली, तेव्हा दुसऱ्या खुर्चीचे काय झाले? आम्ही कोणा एका घराविषयी बोलत नाही. परंतु गावोगावी ‘सरपंचपती’ आणि ‘नगरसेवकपती’ हे शब्द रूढ झाले. जी भाषा ‘महापौरीण’ म्हणायला लाजली, तिने हे शब्द किती चटकन आपलेसे केले! दुसऱ्या खुर्चीवरची पत्नी वर्षभर मुकाट बसत असे. त्याच खुर्चीवर पती आला की पुष्कळदा निवेदने त्याच्याच हाती पडू लागतात आणि फोनही तोच घेतो. पत्नीला मान मिळे, अधिकार नसे. पतीला मान नको असतो, अधिकार हवा असतो.

तरी आम्ही निराश नाही. ‘डॉक्टरीणबाई’ म्हणजे एके काळी डॉक्टरांची पत्नी. पुढे त्याच शब्दाने लोक स्वतः नाडी पाहणाऱ्या बाईंना हाक मारू लागले. शब्द तोच राहिला आणि त्यातली बाई बदलली. खुर्चीचेही तसेच व्हावे. तिच्याशेजारी कोणी बसावे, जरूर बसावे. सुखदुःखाचा सोबती शेजारी असणे ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र नळाला पाणी किती वाजता येते, हा प्रश्न आता जिन्याखाली नव्हे, व्यासपीठावर विचारला जावा, आणि त्याचे उत्तर जिला निवडून दिले तिनेच द्यावे.